निष्ठेचा दाखला : केनियातलं माऊ माऊ बंड आणि एका समाजाची दोन शकलं



मागच्या भागात आपण मलायातल्या बंडाविषयी बोललो. तिथे आजमावलेल्या युक्त्या इंग्रजांनी पुढे दुसऱ्या एका वसाहतीत नेल्या, असं मी शेवटी म्हटलं होतं. ती वसाहत म्हणजे केनिया. आज तिथे जायचं आहे. पण नैरोबीला उतरण्याआधी दोन मिनिटं मणिपुरात थांबू या.

तरुण कॅप्टन असताना माझी नेमणूक काही काळ मणिपुरात होती. एका रविवारी इंफाळच्या युद्ध दफनभूमीत गेलो. इंग्रज नावं, भारतीय नावं वाचत पुढे सरकताना काही दगडांवर पूर्व आफ्रिकेच्या पलटणीचं नाव दिसलं. किंग्ज आफ्रिकन रायफल्स. मी थबकलो. ब्रह्मदेशच्या लढाईत आपले जवान होते, गुरखे होते, हे माहीत होतं. पण केनियाच्या डोंगरातला शेतकऱ्याचा पोरगा इथे काय करत होता?

तो साम्राज्यासाठी लढत होता. १९४४च्या पावसाळ्यात अकरावी ईस्ट आफ्रिकन डिव्हिजन काबाव खोऱ्यातून, चिखल आणि मलेरियाशी झुंजत, माघार घेणाऱ्या जपान्यांच्या मागावर खाली उतरली. ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या त्या आफ्रिकी सैनिकांत वारुहिऊ इतोते नावाचा एक किकुयू कॉर्पोरल होता. दहा वर्षांनी हाच माणूस केनियाच्या जंगलात 'जनरल चायना' म्हणून बंडखोरांच्या तुकड्या चालवत होता आणि ज्या सैन्यात तो शिकला तेच सैन्य त्याच्या मागावर होतं.

'माऊ माऊ' हे नाव ऐकून आपल्या घरातली लहान मुलं हसतील. ते नाव कुठून आलं यावर एकमत नाही. बंडखोर स्वतःला 'केनिया लँड अँड फ्रीडम आर्मी' म्हणवत. जमीन आणि स्वातंत्र्य. दोन शब्द, आणि त्यातला पहिला जमीन. आजची सगळी गोष्ट त्या क्रमात आहे.

१८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली. त्यासाठी आपल्याकडून सुमारे ३२ हजार मजूर नेले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच गेले. रेल्वेचा खर्च भरून निघावा म्हणून गोऱ्या शेतकऱ्यांना बोलावून उंचावरची सुपीक, थंड हवेची जमीन दिली. तिचं नाव 'व्हाइट हायलँड्स', क्षेत्र साधारण १२ हजार चौरस मैल. त्यात मसाईंची कुरणं गेली, किकुयूंची कियांबू-लिमुरूकडची शेतं गेली. किकुयूंना राखीव पट्ट्यात कोंबलं. ज्यांना जागा पुरली नाही ते गोऱ्यांच्या मळ्यावर कूळ म्हणून राहिले. मजुरीच्या बदल्यात थोडं शेत आणि चार गुरं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचीही गुरं आणि शेतं कमी करत त्यांना हुसकायला सुरुवात झाली. प्रत्येक आफ्रिकी पुरुषाच्या गळ्यात ओळखपत्राची पत्र्याची डबी असे. तिला 'किपांडे' म्हणत.

आता दुसरी बाजू. किकुयूंमध्ये पूर्वी राजा नव्हता, वंशपरंपरेचा मुखियाही नव्हता. कारभार वडीलधाऱ्यांची पंचायत पाही. इंग्रजांना कर गोळा करायला आणि मजूर पुरवायला माणूस हवा होता, म्हणून त्यांनी 'चीफ' नेमले. आपल्या वतनदार पाटलासारखं हे मुरलेलं पद नव्हतं. सरकारी हुकमाने जन्मलेलं होतं. या चीफ मंडळींनी आणि त्यांच्या सोयऱ्यांनी हळूहळू जमिनी वाढवल्या, मुलं मिशनच्या शाळेत घातली. एकाच कुळातला एक भाऊ चीफचा कारकून आणि दुसरा भूमिहीन, अशी घरं तयार झाली. बंदूक उचलली जाण्याच्या पुष्कळ आधी भेग पडली होती.

गुप्त शपथा १९४०च्या दशकातच सुरू झाल्या होत्या. आपल्याकडे बेलभंडारा उचलला की माणूस बांधला जातो, तशीच ती गोष्ट. शपथ मोडणाऱ्याला मरण. पुष्कळांनी ती मनापासून घेतली, पुष्कळांनी भीतीने. काही कट्टर ख्रिस्ती किकुयूंनी धर्माला धरून नकार दिला आणि त्यांतले काही जिवाला मुकले. ते इंग्रजांचे हस्तक नव्हते, पण बंडखोरांच्या हिशेबात तिसरा रकाना नव्हता.

७ ऑक्टोबर १९५२ रोजी सीनियर चीफ वारुहिऊ यांना नैरोबीजवळ त्यांच्या मोटारीत गोळ्या घातल्या. २० ऑक्टोबरला गव्हर्नर एव्हलिन बेरिंग यांनी आणीबाणी पुकारली आणि त्याच रात्री जोमो केन्याटा यांच्यासह पुढाऱ्यांची धरपकड झाली. केन्याटा जहाल नव्हते. त्यांनी जाहीर सभेत माऊ माऊचा निषेध केला होता. तरीही कापेंगुरियाच्या खटल्यात त्यांना सात वर्षं सक्तमजुरी झाली. बचावाच्या वकिलांत इंग्रज डी. एन. प्रिट यांच्या जोडीला दिवाण चमनलाल होते, नैरोबीचे ए. आर. कपिला होते आणि गोवेकर घराण्यातले फिट्झ डिसूझाही होते.

त्या वेळी नैरोबीत भारताचे आयुक्त होते आप्पासाहेब पंत, आपल्या औंध संस्थानचे राजपुत्र. आफ्रिकी पुढाऱ्यांना त्यांच्या घराचं दार उघडं असे. तिथल्या मुलांना भारतात शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून ते खटपट करत. इंग्रजांना हे खुपलं, दिल्लीवर दबाव आला आणि १९५४मध्ये पंतांनी नैरोबी सोडली.

आता लारी. या गावाचं नाव लक्षात ठेवा.

लारीच्या आधी एक टिगोनी होतं. टिगोनीतली किकुयू कुटुंबं गोऱ्यांच्या मळ्यांच्या मधोमध राहत होती आणि सरकारला ती तिथून हलवायची होती. १९४०च्या सुमारास लुका वाकाहांगारा नावाच्या प्रमुखाने बदली जमीन स्वीकारली आणि तो आपल्या माणसांसह लारीला गेला. बाकीच्यांनी त्याला 'आमची भूमी विकणारा' ठरवलं. पुढे लुकाच्या गोटातले लोक होमगार्डमध्ये गेले. २६ मार्च १९५३च्या रात्री होमगार्ड गस्तीवर असताना बंडखोरांनी त्यांच्या घरांवर हल्ला केला. दारं बाहेरून बांधून झोपड्या पेटवल्या, बाहेर येणाऱ्यांना कोयत्यांनी तोडलं. सत्तरच्या वर माणसं गेली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. लुकाही गेला.

सरकारने पत्रकारांना ते दृश्य दाखवलं आणि फोटो जगभर गेले. पण त्या रात्री आणि पुढच्या काही दिवसांत होमगार्ड आणि सुरक्षा दलांनी सूड म्हणून जी माणसं मारली, त्यांचे फोटो निघाले नाहीत. ती संख्या पहिल्या हत्याकांडापेक्षा मोठी असावी, असं इतिहासकार डेव्हिड अँडरसन यांनी दाखवून दिलं आहे. आणि दोन्हीकडे मारणारे-मरणारे बहुतेक किकुयूच.

पुढचा आकडा ऐकला की या युद्धाचं रूप कळतं. संपूर्ण आणीबाणीत माऊ माऊच्या हातून मेलेले गोरे नागरिक ३२. भारतीय वंशाचे २६. आणि आफ्रिकी नागरिक १८००च्या वर. दुसऱ्या बाजूला, सरकारी हिशेबानेच मारले गेलेले बंडखोर ११ हजारांच्या वर आणि फासावर गेलेले १०९०. बाहेरून पाहणाऱ्याला हे काळे विरुद्ध गोरे असं युद्ध वाटतं. आत ते घरातलं होतं.

होमगार्डमध्ये १९५४ साली २५ हजारांहून अधिक माणसं होती. ते सगळे 'गद्दार' होते का? माझं उत्तर ऐकून काहीजण रागावतील. नाही. कुणाचा बाप माऊ माऊने मारला होता. कुणाला चीफने धमकावलं होतं. कुणाला पगार, कुणाला रेशन हवं होतं. कुणाला खरोखर वाटत होतं, की ज्याने शेत कसून घर उभं केलं नाही त्याला समाजाचं पुढारपण नाही. जंगलातली ही बिनजमिनीची पोरं कोण आम्हाला स्वातंत्र्य शिकवणार? आणि कितीतरी जण दिवसा होमगार्डच्या बुरुजावर उभे राहत आणि रात्री जंगलात शिधा नि काडतुसं पोहोचवत. शपथ घेतलेला माणूस सहा महिन्यांनी बुरुजावर दिसे. बुरुजावरचा माणूस जंगलात दिसे.

अशा गोंधळात निष्ठा ओळखायची कशी? २४ एप्रिल १९५४ रोजी जनरल जॉर्ज अर्स्किन यांनी सुमारे २५ हजार सैनिक-पोलिसांनिशी नैरोबीला वेढा घातला. मोहिमेचं नाव 'अॅन्व्हिल', म्हणजे ऐरण. किकुयू, एम्बू आणि मेरू लोकांना रांगेत उभं केलं. समोर डोक्यावर पोतं घातलेले खबरे. पोत्याला डोळ्यांपुरती भोकं. लोक त्यांना 'गाकुनिया' म्हणत, म्हणजे छोटं पोतं. पोतं हललं की माणूस छावणीत. त्या मोहिमेत २० हजारांहून अधिक माणसं विनाखटला स्थानबद्ध झाली.

इथे मला स्वतःविषयी बोललं पाहिजे. मी अशा रांगा पाहिल्या आहेत. कुठे आणि कधी ते सांगत नाही. एका पहाटे गावाला वेढा घालून आम्ही पुरुषांना शाळेच्या मैदानात बसवलं होतं. आमचा खबऱ्या घोंगडी पांघरून गाडीत बसला होता. त्याने एका पोराकडे बोट दाखवलं. पोराला आम्ही उचललं. दोन दिवसांनी कळलं, की खबऱ्याच्या आणि त्याच्या घरात शेताच्या बांधावरून वाद होता. पोरगा निर्दोष होता. त्याला सोडलं, मी स्वतः घरापर्यंत पोहोचवला. त्याची आई दारात उभी होती. ती मला काहीच बोलली नाही. तीसहून अधिक वर्षं झाली, ते न बोलणं माझ्याबरोबर आहे. म्हणून गाकुनियाविषयी वाचताना मला पोत्याच्या आतला माणूसही दिसतो आणि त्याच्या शेताचा बांधही दिसतो.

केनियात हे लाखोंच्या पटीत झालं. सरकारी आकड्यानेच ८० हजारांच्या आसपास लोक छावण्यांत होते. काही अभ्यासकांच्या मते खरा आकडा त्याहून कितीतरी मोठा होता. दहा लाखांहून अधिक किकुयूंना घरं मोडून, खंदक आणि अणकुचीदार खुंट्यांनी वेढलेल्या सुमारे ८०० नव्या वस्त्यांत हलवलं. हीच ती मलायाची युक्ती. पुढे मोठे लेखक झालेले न्गुगी वा थिओंगो तेव्हा बोर्डिंग शाळेत होते. सुट्टीला घरी आले तर गावच जागेवर नव्हतं. त्यांचा एक भाऊ जंगलात गेला होता, त्यापायी आईला होमगार्डच्या चौकीत छळ सोसावा लागला.

इंग्रजांतही विवेक असलेली माणसं होती. पोलीस आयुक्त म्हणून आलेले आर्थर यंग यांनी होमगार्डच्या अत्याचारांची चौकशी करू दिली जात नाही म्हणून वर्षाच्या आत, १९५४च्या अखेरीस, राजीनामा दिला. सरकारचं उत्तर काय? जानेवारी १९५५मध्ये दुहेरी माफी. शरण येणाऱ्या बंडखोराला फाशी नाही आणि होमगार्डवर झाल्या गोष्टींसाठी खटला नाही.

जनरल चायना जानेवारी १९५४मध्ये गळ्याला गोळी लागून पकडला गेला होता. त्याच्या मदतीने सरकारने शरणागतीची बोलणी केली, ती फिसकटली. त्याची फाशी मात्र टळली. डेडन किमाथी शेवटपर्यंत अॅबरडेअरच्या जंगलात राहिला. २१ ऑक्टोबर १९५६ रोजी त्याला गोळी घालून पकडणारा शिपाई किकुयूच होता. १८ फेब्रुवारी १९५७ रोजी कामिटीच्या तुरुंगात त्याला फाशी देऊन अनाम जागी पुरलं. त्याची पत्नी मुकामी २०२३ साली वारली, तोवर नवऱ्याचे अवशेष तिच्या हाती आले नव्हते.

पण मंडळी, या युद्धाचा खरा निकाल जंगलात लागला नाही. तो कचेरीत लागला.

१९५४मध्ये स्विनर्टन योजना आली. विखुरलेले तुकडे एकत्र करून प्रत्येकाला सलग शेत आणि पक्का मालकीहक्काचा कागद. आपल्याकडे १९४७चा तुकडेजोड कायदा आहे, त्याच जातीची कल्पना. कागदावर उत्तम. पण मोजणी झाली तेव्हा हजारो पुरुष छावणीत होते. मोजणीच्या समितीत बसले होते चीफ आणि त्यांचे लोक. चांगलं शेत, रस्त्याजवळचं शेत, पाण्याजवळचं शेत कुणाच्या नावावर चढलं असेल, हे ज्याने तलाठ्याची चावडी पाहिली आहे त्याला सांगायला नको. कॉफी लावायची परवानगी आफ्रिकी शेतकऱ्याला पूर्वी जवळजवळ मिळतच नसे. आता मिळू लागली, निष्ठावंताला आधी.

आणि या सगळ्याला लागे निष्ठेचा दाखला. हो, असा छापील दाखलाच होता. तो असेल तर हिंडता-फिरता येई, दुकान काढता येई. मार्च १९५७मध्ये आफ्रिकी मतदारांची पहिली निवडणूक झाली, तेव्हा किकुयू, एम्बू, मेरू लोकांत ज्याच्याकडे दाखला त्यालाच मत. छावणीतून सुटलेला माणूस गावी येई तो शेत दुसऱ्याच्या नावावर पाही, आणि त्यावर दाद मागायला दाखला नाही.

३ मार्च १९५९ रोजी होला छावणीत पहारेकऱ्यांनी ११ बंद्यांना बडवून ठार मारलं. आधी सांगितलं गेलं, की पाणी पिऊन मेले. खोटं उघडं पडलं, लंडनच्या पार्लमेंटमध्ये गदारोळ झाला आणि साम्राज्याचा धीर सुटला. जानेवारी १९६०मध्ये आणीबाणी उठली. १२ डिसेंबर १९६३ला केनिया स्वतंत्र झाला. जंगलातली माणसं केस वाढलेली, कातडी पांघरलेली, बाहेर आली. त्यांना वाटलं, आता जमीन मिळेल.

केन्याटा म्हणाले, मागचं विसरा, आपण सगळेच स्वातंत्र्यासाठी लढलो. ऐकायला हे उदार आहे आणि यादवी टाळायची तर काहीसं आवश्यकही होतं. पण 'सगळेच लढलो' याचा दुसरा अर्थ असा, की कुणाला काही परत मिळणार नाही. गोऱ्यांच्या जमिनी विकत घेऊन वाटायच्या होत्या, कर्ज काढून. छावणीतून आलेल्याकडे पैसा कुठला? कारभारात शिकलेली माणसं हवी होती आणि शिकलेली मुलं बहुतेक निष्ठावंतांची. देशाचे पहिले अॅटर्नी जनरल चार्ल्स न्जोंजो हे एका चीफचेच चिरंजीव.

केन्याटांबरोबर तुरुंग भोगलेले बिल्डाड काग्गिया भूमिहीनांना फुकट जमीन द्या म्हणत राहिले. १९६४मध्ये त्यांचं उपमंत्रिपद गेलं. पुढे केन्याटांनी भर सभेत त्यांना हिणवलं, की तुझ्या बरोबरीच्यांनी काय काय कमावलं, तू स्वतःसाठी काय केलंस? काग्गियांनी काहीच कमावलं नव्हतं. त्यांच्या बाजूने उभे असलेले पियो गामा पिंटो हे गोवेकर आईबापांचे नैरोबीत जन्मलेले पुत्र. भारतात शिकले, गोवामुक्तीच्या चळवळीत पडले, केनियात परतून बंडखोरांना मदत केली आणि त्यासाठी काही वर्षं स्थानबद्धता सोसली. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत, त्यांच्या घराच्या फाटकाशी, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या.

माऊ माऊ संघटनेवर इंग्रजांनी १९५०मध्ये घातलेली बंदी स्वतंत्र केनियाने कधी उठवली, ठाऊक आहे? २००३मध्ये. चाळीस वर्षं स्वतंत्र देशात ती संघटना बेकायदा होती. नैरोबीत किमाथीचा पुतळा २००७मध्ये उभा राहिला. काही वृद्ध बंद्यांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला, त्या ओघात २०११मध्ये ब्रिटिश सरकारला कबूल करावं लागलं, की वसाहती सोडताना उचलून नेलेल्या हजारो फायली हॅन्सलोप पार्क इथे दडवलेल्या आहेत. जून २०१३मध्ये ब्रिटनने खेद व्यक्त केला आणि ५२२८ जणांसाठी मिळून सुमारे दोन कोटी पौंडांची तडजोड केली. केनियातल्या कचेऱ्यांत जमिनीवर चढलेली नावं मात्र कुणी उलटून पाहिली नाहीत. ज्या भूमिहीन किकुयूंना पुढे रिफ्ट व्हॅलीत वसवलं, तिथल्या मूळ लोकांशी त्यांचा झगडा धुमसत राहिला. २००७च्या निवडणुकीनंतर तो पेटला, तेव्हा देशभरात ११००हून अधिक माणसं गेली.

मी सातारा जिल्ह्यातला. माझे आजोबा इंग्रजांच्या पलटणीतून ब्रह्मदेशात लढले. त्यांचा चुलतभाऊ नाना पाटलांच्या प्रतिसरकारात होता आणि औंध संस्थानच्या हद्दीत लपून राहिला. आमच्याकडे एका भिंतीवर आजोबांची पदकं, शेजारच्या घरी तात्यांचा ताम्रपट. लग्नकार्यात दोघे एकाच पंगतीला बसत आणि एकमेकांची यथेच्छ थट्टा करत. लहानपणी मला वाटे, आमची माणसं मोठ्या मनाची. केनियाचा इतिहास वाचल्यावर जरा ओशाळलो. मन मोठं असेलही, पण मुख्य गोष्ट अशी, की तात्या फरारी असताना त्यांच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव कुणी चढवलं नव्हतं. चढवलं असतं तर ती पंगत बसली असती का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

जनरल चायनाचं शेवटी काय झालं? स्वतंत्र केनियात त्याला राष्ट्रीय युवक सेवेत अधिकारी केलं. साम्राज्याचा कॉर्पोरल, बंडखोरांचा जनरल, शत्रूशी बोलणी करणारा कैदी आणि नव्या सरकारचा अधिकारी. त्याला कुठल्या रकान्यात घालायचं ते तुम्ही ठरवा. मी त्या भानगडीत पडत नाही. इंफाळच्या दफनभूमीत त्याच्या सोबत्यांचे दगड आहेत. कधी तिकडे गेलात तर एक फूल त्यांच्यापाशीही ठेवा.

पुढच्या भागात अल्जीरियाला जाऊ. फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या आणि दोन्ही देशांनी वाऱ्यावर सोडलेल्या 'हार्की' सैनिकांची कहाणी पाहू. तोवर आज्ञा असावी.

जय हिंद.